कळतं पण वळत नाही: एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईवडिलांसाठी, पायरीपायरीने

तिसरीच्या वर्षअखेरीला मी लेकाच्या शाळेच्या डायरीतले शेरे मोजले. लाल शाईत ३६. ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘वही आणली नाही.’ ‘जागेवर बसत नाही.’ ‘पालकांनी भेटावे’ हा पाच वेळा, आणि पाचही वेळा मी भेटले होते. दर भेटीनंतर घरी येऊन त्याला समोर बसवायचं, समजावायचं. तो मान डोलवायचा, डोळ्यांत पाणी यायचं, ‘उद्यापासून नक्की’ म्हणायचा. आणि ते तो अगदी मनापासून म्हणायचा. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी वर्गातच राहिलेली असायची.

‘कळतं पण वळत नाही’ हे आपण टोमणा म्हणून म्हणतो. एडीएचडीचं मात्र ते जवळजवळ वैद्यकीय वर्णन आहे. काय करायचं हे या मुलांना ठाऊक असतं, ते करायच्या क्षणी मेंदू साथ देत नाही. म्हणजे कळण्यात खोट नाही. मग पुन्हा पुन्हा ‘कळवून’, म्हणजे व्याख्यान देऊन, ओरडून, चापट मारून, काय होणार? मदत हवी ती वळायच्या जागी: बाथरूमच्या दाराशी, दप्तराशी, गणिताच्या वहीच्या पानावर. माझा लेक आता तेरा वर्षांचा आहे. आम्ही ज्या क्रमाने गेलो त्यात दोन वर्षं वाया गेली. ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो इथे लिहिते. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध या गोष्टी डॉक्टरांच्याच, पण त्यांच्या दारापर्यंत आणि दारानंतर जे करायचं असतं ते आईबापांचं.

पहिली पायरी: हे काय आहे आणि काय नाही

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठी वर्तमानपत्रं ‘अतिचंचलता’ लिहितात आणि तिथेच अर्धा घोटाळा होतो, कारण यातली सगळी मुलं चंचल नसतात. काहींचं फक्त लक्ष टिकत नाही, काही मुख्यतः धडपडी आणि उतावळी असतात, काहींमध्ये दोन्ही. टेबलावरून उडी मारणारा मुलगा शाळेच्या नजरेत लगेच येतो. खिडकीबाहेर बघत बसलेली, कोणाला त्रास न देणारी, डबा-पाण्याची बाटली-स्वेटर सगळं हरवणारी मुलगी ‘वेंधळी’ म्हणून पुढच्या वर्गात ढकलली जाते. मुलींचं निदान उशिरा होतं किंवा होतच नाही, ते यामुळे.

हमखास विचारला जाणारा प्रश्न (आमच्याकडे तो सासूबाईंनी विचारला): ‘मग मोबाइलवर गेम तासभर कसा खेळतो? तेव्हा बरं लक्ष लागतं!’ लागतंच. गेम दर काही सेकंदांनी गुण देतो, आवाज करतो, चित्र बदलतो. भागाकाराचं उदाहरण असलं काही देत नाही. लक्ष कमी असतं असं नाही, लक्षावरचा लगाम ढिला असतो. कंटाळवाण्या कामाकडे ते वळवून तिथे धरून ठेवणं जमत नाही. उलट आवडत्या कामातून बाहेर काढणंही तितकंच अवघड जातं.

हे नव्या जमान्याचं फॅडही नाही. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती: बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरता येत नाही. त्यांनी त्याला नैतिक संयमातला दोष म्हटलं. विज्ञान तिथून फार पुढे आलं, आपले बरेचसे नातेवाईक अजून १९०२ मध्येच आहेत.

आज जे पक्कं माहीत आहे ते असं. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर मुलांमध्ये हे प्रमाण ५% च्या आसपास येतं, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यातला आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८०% धरतात, साधारण उंचीइतका. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि जन्मवेळचं कमी वजन यांनी शक्यता वाढते. २००७ मध्ये अमेरिकेत मेंदूच्या स्कॅनवर झालेल्या एका अभ्यासात मेंदूचं बाह्यपटल सर्वाधिक जाडीला पोचायचं सरासरी वय इतर मुलांत साडेसात, तर या मुलांत साडेदहा निघालं. वाढीचा मार्ग तोच, गाडी उशिरा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचा एक ढोबळ नियम मला रोजच्या वापरात फार कामी आला: स्वतःला आवरण्याच्या बाबतीत मुलाच्या वयातून साधारण तिसरा हिस्सा वजा करा. नऊ वर्षांच्या मुलाकडून सहा वर्षांच्या मुलाइतक्या आवराआवरीची अपेक्षा ठेवली की आपला रक्तदाब लगेच खाली येतो.

आणि काय नाही? लाडाने बिघडणं नाही. साखर खाल्ल्यामुळे होतं असंही नाही. १९९५ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा साखरेचा वागण्यावर परिणाम दिसला नाही. वाढदिवसाच्या पार्टीत मुलं उधळतात ती पार्टीमुळे, केकमुळे नाही. मोबाइलने झोप आणि अभ्यासाचं वाटोळं होतं हे खरं, पण एडीएचडी मोबाइलच्या आधीपासून आहे.

दुसरी पायरी: डॉक्टरांच्या आधी एक वही

दोन आठवडे रोज चार-पाच ओळी लिहा. ‘आज खूप त्रास दिला’ असं नको, त्याने डॉक्टरांना काही कळत नाही. वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, पुढे काय झालं. माझ्या वहीतलं एक पान: ‘सोमवार, सकाळी ६.५०. मोजे घालायला सांगितले. एक मोजा घातला. दुसऱ्याच्या आत हात घालून त्याचा साप केला. ७.०५ ला मी ओरडले. त्याला खरंच माहीत नव्हतं की पंधरा मिनिटं गेली.’ हे शेवटचं वाक्य मी तेव्हा सहज लिहिलं होतं. डॉक्टरांनी नेमकं त्याच्याखाली पेनाने रेघ ओढली. वेळ सरकल्याची जाणीव नसणं हा या मुलांच्या अडचणीचा मोठा भाग असतो.

वहीत चांगलंही लिहा. कशात रमतो, कोणाशी जमतं, दिवसाच्या कुठल्या वेळी बरा असतो. शिवाय शाळेतल्या एका शिक्षकांकडून चार ओळी मागून घ्या, शक्यतो मुलाबद्दल थोडी माया असलेल्या. हे का, ते निदानाच्या निकषांत आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ अशी लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये दोन्हींपैकी एका गटातली तरी किमान सहा हवीत, सहा महिने टिकलेली हवीत, सुरुवात बारा वर्षांच्या आधी झालेली हवी, आणि घर, शाळा, क्लास, मैदान यांतल्या निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. शाळेत धुमाकूळ आणि घरी, आजोळी, मैदानात सगळं ठीक असेल, तर आधी शाळेत काय चाललंय ते बघा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला हा शिक्का लावायची घाई तर करूच नये. तीन वर्षांचं पोर एका जागी बसत नाही, कारण ते तीन वर्षांचं आहे.

तिसरी पायरी: दुसरं काही नाही ना?

कान आणि डोळे तपासून घ्या. साधी गोष्ट आहे, पण ती राहून जाते. हाक मारल्यावर ‘ओ’ न देणाऱ्या मुलाच्या कानात कधी कधी खरंच पाणी साठलेलं असतं. रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का? अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या असतील तर झोप पुरी होत नाही, आणि झोप न झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, ते उधळतं. काही क्षण एकटक बघत राहणं, हलवलं तरी भान नसणं, असं दिवसातून अनेकदा होत असेल तर ते फिटचा एक प्रकार असू शकतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. अंगात रक्त कमी आहे का, गरज वाटली तर थायरॉइड, हेही डॉक्टर पाहतील. घरात भांडणं, कोणाचा मृत्यू, शाळेत कोणी छळतंय का, हे तर आपणच पाहायचं.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. घरात मराठी आणि शाळा इंग्रजी, अशा पहिलीतल्या मुलाला निम्मं कळतच नसेल तर ते लक्ष कशाकडे देणार? आणि वर्गातलं सगळ्यात लहान मूल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात प्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा डिसेंबरात जन्मलेल्या मुलांना जानेवारीत जन्मलेल्या त्यांच्याच वर्गमित्रांपेक्षा एडीएचडीचं निदान बरंच जास्त वेळा झालेलं आढळलं. अकरा महिन्यांचं लहानपण आजार म्हणून नोंदलं गेलं होतं. मुलाला वर्षभर लवकर शाळेत घातलं असेल तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

चौथी पायरी: कोणाकडे जायचं

बालविकासतज्ज्ञ, म्हणजे डेव्हलपमेंटल पीडिअ‍ॅट्रिशियन, किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, वागणुकीचं प्रशिक्षण देतात, औषध लिहून देत नाहीत. मुंबईत उमीद, ठाण्यात आयपीएच अशा संस्था या क्षेत्रात जुन्या आहेत, पण महाराष्ट्र मुंबई-ठाण्यात संपत नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणीला येणारं पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं, बोलीभाषेत ‘डीईआयसी’. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

रक्ताची चाचणी, एमआरआय, ईईजी यांतलं काहीही एडीएचडी ‘दाखवत’ नाही. दुसरी शंका असेल तर त्या करतात, नाहीतर नाही. निदान होतं ते गप्पांमधून, आईवडील आणि शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांमधून आणि मुलाला खेळताना पाहून. त्यासाठी एकापेक्षा जास्त भेटी लागतात. दहा मिनिटांत निदान करून गोळी लिहून देणाऱ्यांकडून उठून या. डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांकडे आणि स्मरणशक्तीच्या सिरपांकडे तर फिरकूही नका. आम्ही एका सिरपच्या चार बाटल्या संपवल्या. त्याला चव आवडली, बाकी काही झालं नाही.

सोबत आणखी काही आहे का, हे विचारायला विसरू नका. यातल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणिताची खास अडचणही असते. काहींना चिंता, काहींना स्वमग्नता. एकच सापडलं म्हणून थांबलं तर उपचार लंगडे राहतात.

पाचवी पायरी: घर

इथे मी रेंगाळणार आहे, कारण खरं काम इथे आहे. चार ते सहा वयाच्या मुलांसाठी तर अमेरिकन बालरोग अकादमीचंही म्हणणं असं की आधी आईवडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण, औषध नंतर.

सुरुवात एका शब्दापासून करू: ‘आवर!’ मराठी घरात सकाळी किमान वीस वेळा उच्चारला जाणारा शब्द. मी एकदा कागदावर लिहून काढलं की या एका शब्दात मी काय काय सांगतेय: अंथरूण काढ, दात घास, अंघोळ, कपडे, मोजे, केस, दूध, डबा दप्तरात, बाटली भर, ओळखपत्र, बूट. अकरा कामं. आपल्या डोक्यात ती आपोआप रांगेत उभी राहतात, या मुलांच्या डोक्यात ती गर्दी करतात. म्हणून ती रांग डोक्याबाहेर मांडायची. आम्ही अकरा चित्रं काढली (त्यानेच काढली, अंघोळीच्या चित्रात शॉवरखाली डायनोसॉर आहे), बाथरूमच्या दारावर चिकटवली आणि प्रत्येकाशेजारी कपड्याचा चिमटा. काम झालं की चिमटा उजवीकडे. मी काय म्हणायचं, तर ‘आवर’ नाही, ‘चिमटा कुठपर्यंत आला?’ एवढंच.

सूचना द्यायची असेल तेव्हा स्वयंपाकघरातून हाळी मारू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाली की एकच गोष्ट सांगा. ‘काय करायचंय, सांग बघू?’ असं विचारून त्याच्या तोंडून वदवून घ्या. ‘जरा उठतोस का रे?’ हा प्रश्न झाला, त्याला ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं. ‘आता उठ आणि बाटली भर.’ हे सांगणं झालं.

वेळ दिसली पाहिजे. ‘पाच मिनिटांत’ या शब्दांना आमच्याकडे काहीच अर्थ नव्हता. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची काच काढून स्केचपेनने एक पाचर लाल रंगवली: मोठा काटा लालमध्ये आहे तोवर नाश्ता. हे कुठल्याही टायमर अ‍ॅपपेक्षा चाललं, कारण अ‍ॅपसाठी मोबाइल हातात द्यावा लागतो, आणि मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

बक्षीस लगेच आणि छोटं. ‘वार्षिक परीक्षेत चांगले मार्क मिळव, सायकल घेऊ’ हे या मुलांसाठी परग्रहावरचं आश्वासन आहे. आम्ही काचेची बरणी आणि आजीच्या डब्यातले चिंचोके घेतले. न सांगता बूट जागेवर ठेवले: एक चिंचोका, तिथल्या तिथे, खण्‌ असा आवाज करून. दहा झाले की संध्याकाळी बाबांबरोबर पंधरा मिनिटं जास्त क्रिकेट, किंवा रविवारी भजी कसली करायची ते तो ठरवणार. एका वेळी दोन-तीनच सवयी बरणीला लावा. मिळवलेला चिंचोका रागाच्या भरात काढून घेऊ नका. आम्ही एकदा घेतला, त्याने बरणी उपडी केली आणि चार दिवस खेळ बंद पडला. आणखी एक, जे कोणी सांगत नाही: दीड-दोन महिन्यांत चिंचोक्यांची जादू ओसरते. पद्धत फसली असं समजू नका, या मेंदूला नवेपणा लागतो. चिंचोक्यांच्या जागी कॅरमचे गुण आणा, नियम तेच ठेवा.

गृहपाठ. दार लावून एकट्याला बसवलं की तासाभराने वहीत तारीख लिहिलेली सापडायची, आणि खोडरबराचे बारीक तुकडे. शेवटी त्याची जागा ठरली स्वयंपाकघरात जमिनीवर, मी पोळ्या लाटते तिथे. मी काही शिकवत नाही, नुसती असते. शेजारी कोणी आपलं काम करत असलं की या मुलांचं काम पुढे सरकतं. दहा मिनिटं काम, मग तीन मिनिटं उठून काहीही: गच्चीपर्यंत पळून ये, दोरीच्या उड्या मार. सात ते बारापर्यंतचे पाढे तर त्याने झोपाळ्यावर पाठ केले, एका झोक्याला एक ओळ. सासूबाईंना ते अभ्यास वाटेना. पण ‘सात नव्वे?’ विचारलं की ‘त्रेसष्ट’ येत होतं.

राग आला, आकांडतांडव झालं की त्या वेळी उपदेश करू नका. तापलेल्या तव्यावर पाणी मारलं की चर्र होणारच. सुरक्षित आहे ना एवढं पाहा, आवाज खाली ठेवा, बोलायचं ते अर्ध्या तासाने. मारू नका. नीतीचा मुद्दा आहेच, शिवाय त्याचा उपयोगही नाही: ज्याला परिणामांचा विचार त्या क्षणी सुचतच नाही, त्याला मागच्या माराची आठवण त्या क्षणी कुठून येणार?

झोप आणि मैदान यांबद्दल वेगळं काय सांगू? दोन्ही रोज हवीत. शिक्षा म्हणून खेळायला जाणं बंद करणं ही सगळ्यात उलटी शिक्षा आहे.

सहावी पायरी: शाळा

शाळेत भांडायला जाऊ नका आणि गुन्हेगारासारखेही जाऊ नका. डॉक्टरांचं पत्र न्या आणि एका भेटीत दोनच मागण्या करा. आम्ही मागितलं ते: पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब जागा, आणि वह्या वाटणं, फळा पुसणं, निरोप पोचवणं अशी उठायची कामं त्याला द्या. दुसरी मागणी बाईंनाच आवडली, कारण त्यांचंही काम होत होतं. पुढच्या महिन्यात आणखी दोन: दहा गणितांऐवजी एक सोडून एक अशी पाच, आणि लाल शेऱ्यांऐवजी एक कार्ड. पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर तीन ओळी: जागेवर बसला, काम सुरू केलं, हात वर करून बोलला. प्रत्येक तासाला बाई फक्त खूण करणार. खुणांचे चिंचोके घरी. ३६ शेऱ्यांनी जे झालं नव्हतं ते या कार्डाने होऊ लागलं, कारण त्यावर काय करायचं ते लिहिलेलं होतं. शेऱ्यांत फक्त काय केलं नाही तेवढंच असायचं.

मुलाला वर्गाबाहेर उभं करणं, मारणं, सगळ्यांसमोर ‘वेडा’ म्हणणं असं होत असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. शांतपणे, लेखी तक्रार मुख्याध्यापकांच्या नावे द्या.

सवलतींचा एक गुंता समजून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून ज्या मुलाला दोन्ही आहेत, त्याच्या अध्ययन अक्षमतेची चाचणी साधारण आठव्या वर्षानंतर करून सरकारमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. मुंबईत सायन, नायर अशा रुग्णालयांत ते काम होतं. त्यावर बोर्डाच्या परीक्षेत अडचणीच्या स्वरूपाप्रमाणे जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. रांग मोठी असते. दहावीच्या दिवाळीत नाही, पाचवी-सहावीतच अर्ज टाका.

सातवी पायरी: गोळी

‘मुलाला मेंदूची गोळी देणार?’ हे वाक्य मी माझ्या आईकडून ऐकलं आणि वर्षभर औषध लांबवलं. ते वर्ष त्याचं गेलं, माझं नाही.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध मिथाइलफेनिडेट. ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं, म्हणजे प्रयोगावस्थेतलं नाही. साधी गोळी साधारण तीन ते चार तास काम करते, सावकाश विरघळणारी त्याहून बरीच जास्त वेळ. ती रक्तात साठत नाही, त्याच दिवशी उतरते. हे न सोसणाऱ्यांसाठी किंवा इतर कारणांसाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या एमटीए अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा नीट देखरेखीखाली दिलेलं औषध सरस ठरलं. पुढच्या वर्षांत मात्र गटांमधला तो फरक विरत गेला. मी त्याचा अर्थ असा लावते: गोळी मुलाला जागेवर बसवते, बसल्यावर काय करायचं ते पाचवी आणि सहावी पायरी शिकवते.

गोळी सुरू करायच्या आधी घरात कोणाला लहान वयात हृदयाचा त्रास किंवा अचानक मृत्यू झालाय का, मुलाला कधी चक्कर येऊन पडल्याचं आठवतंय का, फिट, टिक्स म्हणजे डोळे-मान झटकण्याची सवय, हे सगळं डॉक्टरांना सांगा. सुरू झाल्यावर भूक मंदावते, हा सगळ्यात नेहमीचा त्रास. डबा भरलेला परत येतो. आमचा उपाय स्वयंपाकघरातला: गोळीच्या आधी भरपेट नाश्ता, तुपातला शिरा किंवा अंडी-पोळी, दुपारी जबरदस्ती नाही, आणि रात्री साडेआठला भूक परत आली की पूर्ण जेवण. दप्तराच्या कप्प्यात शेंगदाण्याचा लाडू. पोटदुखी, डोकेदुखी, उशिरा झोप लागणं हेही होतं. म्हणून गोळी सकाळी. उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब दर भेटीत मोजून वहीत लिहा. मूल गप्प-गप्प, सुस्त, ‘रोबोसारखं’ झालं तर डोस जास्त आहे किंवा औषध चुकलंय. ते मुलाला शांत करणं नव्हे, लगेच डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

व्यवहारातली अडचण: हे औषध कडक कायद्याखाली येतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाही. कुठे मिळतं ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्या, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा, चिठ्ठीच्या दोन प्रती ठेवा. गोळ्या कुलपात. दुसऱ्याच्या मुलाला ‘बघ देऊन’ म्हणून एकही नको.

आठवी पायरी: घरातली बाकीची माणसं

निदानानंतर तिसऱ्या भेटीत डॉक्टरांनी नवऱ्याला सहज विचारलं, ‘तुमचं शाळेत कसं होतं?’ तो हसला. मग हसायचा थांबला. सातवीत त्याला वर्षभर शेवटच्या बाकावर बसवलं होतं आणि त्याचे वडील त्याला ‘बिनबुडाचा तांब्या’ म्हणत. हेल्मेट, छत्री, विजेचं बिल, सगळं विसरणारा माझा नवरा त्या दिवशी गाडीत बराच वेळ गप्प होता. आनुवंशिकतेची टक्केवारी वाचणं वेगळं, ती शेजारच्या सीटवर बसलेली पाहणं वेगळं. मुलाच्या निदानानंतर आईबापांपैकी एकाचं कोडं सुटणं नवलाचं नाही. त्याला वाटलं तर त्यानेही तपासून घ्यावं, मोठ्यांसाठीही उपचार आहेत.

आजी-आजोबांना शास्त्र सांगत बसू नका, काम द्या. सासूबाई चिंचोक्यांच्या खजिनदार झाल्या आणि वाद संपले. भावंड असेल तर आठवड्यातला एक तास फक्त त्याचा ठेवा. आमच्या धाकटीने एकदा विचारलं होतं, ‘मी पण विसरायला लागू का?’

आणि मुलाला सांगा. लपवू नका. आम्ही म्हटलं होतं, ‘तुझं इंजिन जोरदार आहे, ब्रेक जरा उशिरा लागतात. ब्रेक आपण मिळून बसवतोय.’ ‘मी ढ आहे’ हे त्याने स्वतःच ठरवून टाकण्याआधी हे त्याच्या कानावर जायला हवं.

मोठं होताना

दहा-बाराच्या पुढे धावपळ कमी होते, आतली अस्वस्थता आणि विसराळूपणा बहुधा राहतो. बऱ्याच जणांना तो मोठेपणीही पुरतो. तेव्हा चिमट्यांची चित्रं काढून टाकायची नाहीत, त्यांचं रूप बदलायचं. आमच्याकडे आता दारावर खडूचा फळा आहे आणि यादी तो लिहितो, चुकीच्या क्रमाने, पण लिहितो.

तेराव्या वर्षी मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती स्कूटरची. उतावळेपणा आणि रस्ता यांचं जमत नाही, एडीएचडी असलेल्यांना अपघाताचा धोका जास्त असतो. ‘कोपऱ्यावरूनच दूध आणतो’ म्हणून पोरांच्या हाती गाडी देण्याची आपल्या गावागावांतली पद्धत या मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्याकडे किल्ली त्याच्या हाती लागायची भीती तशी कमी आहे. ती कुठे ठेवलीय हे रोज सकाळी त्याच्या बाबांनाही सापडत नाही.